विम्यातले पोपट

व्याह्याव्याह्यांत वाद झालाच तर तो मानपानावरून व्हावा, अशी आपल्याकडची रीत. आमचे हे आणि आमचे व्याही वासुदेवराव यांनी ती मेलबर्नला जाऊन मोडली. त्यांचा वाद झाला तो एका पोपटावरून.

दोघंही निवृत्त. हे आयुर्विम्यातले. आयुष्यभर लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून देऊन हप्ते गोळा केले. वासुदेवराव वनखात्यातले, बरीचशी नोकरी चंद्रपूरकडे, रेंजर म्हणून निवृत्त. मुलाने आणि सुनेने आम्हाला एक खासगी सहल भेट दिली होती. अर्ध्या दिवसाची. दाराशी गाडी, ती चालवणारी बाईच वाटाडी, आणि प्रवासी आम्ही तिघंच. विहीणबाई नातवापाशी थांबल्या. जायचं होतं हील्सव्हिल सँक्च्युअरीला. मेलबर्नच्या पूर्वेला, साधारण ६५ किलोमीटरवर, यारा नदीच्या खोऱ्यात हे वन्यजीव उद्यान आहे आणि तिथे फक्त ऑस्ट्रेलियाचेच प्राणी आहेत. मुलगा राहतो शहराच्या पश्चिमेला, टार्नीटमध्ये. जवळच वेरिबीला सिंह-जिराफांचं मोठं प्राणिसंग्रहालय आहे, तेच सोयीचं पडलं असतं. पण वासुदेवराव म्हणाले, "आफ्रिका पाहायला ऑस्ट्रेलियात कायले यायचं?" आणि विषय मिटला.

मी मागच्या सीटवर. पुढचं बहुतेक मी ऐकलेलं आहे. जिथे राहवलं नाही तिथे माझंही मत घातलं आहे.

"कोआला, कांगारू, प्लॅटिपस, सगळं दिसणार म्हणते ही," हे खुशीत म्हणाले. "शंभर टक्के."

"पिंजऱ्यातल्या जनावराची कसली आली सायटिंग? घरात ठेवलेला फ्रीज रोज दिसतोच ना."

"वासुदेवराव, सत्तरीत मचाणावर बसायची माझी कंबर नाही. मला दिसल्याशी मतलब."

"दिसणं आणि भेटणं वेगळं आहे जी. जंगलात वाघ दिसला, तर त्याच्या मर्जीने दिसतो. तुम्ही चार फेऱ्या मारता, काहीच नाही. पाचव्या फेरीत रस्ता ओलांडून जातो, तुमच्याकडे बघतही नाही. त्याचीच तर किंमत आहे."

"त्याचीच किंमत? मग सांगतो. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडल्यात काय झालं ते तुम्हीच मला पेपरात दाखवलं होतंत. वाघीण आणि तिची पाच पिल्लं, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी. हलायला जागा नाही. हायकोर्टाला आपणहून दखल घ्यावी लागली. ती कोणाच्या मर्जीने दिसली?"

वासुदेवराव गप्प. खात्याच्या माणसाला खात्याचीच बातमी ऐकवायची नसते, हे विमेवाल्याला कोण सांगणार. पण ह्यांचा मुद्दा खोटा नव्हता. ताडोब्यात 'सायटिंग झाली का?' हा प्रश्न 'जेवण झालं का?' इतक्या सहज विचारला जातो. गॅरंटी नसलेल्या जंगलातही माणसं गॅरंटी मागतात, आणि गाईड-ड्रायव्हर ती द्यायला निघाले की वाघिणीची वाट अडते. त्यापेक्षा कुंपणातला कोआला बरा म्हणायचा. निदान त्याच्या कुंपणाला लोकांना अडवणारी बाजूही आहे.

यारा खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांपाशी वाटाडीने गाडी हळू केली. ओल्या गवतात राखाडी कांगारूंचा कळप बसला होता, दोनचार उभे. ना कुंपण, ना पाटी. वासुदेवराव काच खाली करून बघत राहिले. जून महिन्यातली तिकडची थंडी गाडीत शिरली, मी शाल ओढली.

"हे बघा मनोहरपंत. हे फुकटचे."

"फुकटचे कसे? ही थांबली म्हणून दिसले. आपला मुलगा ऐंशीच्या वेगाने पुढे गेला असता."

हे मात्र खरं. अशा सहलीत माणूस प्राण्यांचे पैसे देत नाही, थांबण्याचे देतो. मोठ्या बसच्या सहलीत वेळापत्रक असतं, अमुक वाजता शिकारी पक्ष्यांचे खेळ, तमुक वाजता उपाहारगृह. आम्हाला तसं कोणी हाकलत नव्हतं. पुढे वासुदेवराव एकाच काचेसमोर अर्धा तास उभे राहिले तेव्हा बाईने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत शिरल्यावर आधी कोआला. निलगिरीच्या बेचक्यात बसून झोपलेला. दिवसाचे वीसेक तास तो झोपतो, कारण खातो ती पानं पचायला कठीण आणि पोषण तुटपुंजं. ह्यांनी कॅमेरा माझ्या हाती दिला आणि पुढे सरसावले. कोआलाला कडेवर घेतलेला कोणाचा तरी फोटो त्यांनी पाहिला होता. वाटाडीने हसून सांगितलं, व्हिक्टोरिया राज्यात पाहुण्यांना कोआला उचलायची परवानगी नाही. तो फोटो क्वीन्सलँडचा असेल.

"एवढे पैसे भरून हातही लावायचा नाही?"

"आता हे राज्य मला आवडलं," वासुदेवराव म्हणाले. पोचल्यापासूनचं त्यांचं पहिलं चांगलं वाक्य.

मग कोआला वाचवायचे म्हणजे नेमकं काय, यावर वाटाडी बोलली आणि दोघंही गोंधळले. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात २०२२ साली कोआला संकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. आणि इथे व्हिक्टोरियात, केप ऑटवेसारख्या काही ठिकाणी ते इतके झाले की झाडं ओरबाडून संपवली आणि उपाशी मरायला लागले. एकच प्राणी, एका राज्यात कमी, दुसऱ्यात जास्त.

"आपल्या बिबट्यासारखं," वासुदेवराव म्हणाले. "जुन्नरच्या उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल माहीतच नाही. तो वाढला म्हणायचा, का त्याचं जंगल गेलं म्हणायचं?"

"दोन्ही म्हणा."

"दोन्ही म्हटलं की फाईल पुढे सरकत नाही ना."

प्लॅटिपसचं दालन अंधारं. काचेमागे पाणी, आणि पाण्यात काहीतरी तपकिरी, चपळ, नुसतं वळवळणारं. पाण्याखाली हा प्राणी डोळे मिटून घेतो. भक्ष्याच्या हालचालीतून निघणारे सूक्ष्म विद्युतसंकेत त्याच्या चोचीला कळतात. सस्तन असून अंडी घालतो, आणि नराच्या मागच्या पायाला विषारी काटा. १७९९ साली इंग्लंडमध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिणाऱ्या जॉर्ज शॉला शंका आली होती, की कोणी बदकाची चोच शिवून आपली थट्टा तर केली नाही ना.

पाळलेल्या अवस्थेत प्लॅटिपसचं पिल्लू पहिल्यांदा जन्मलं ते इथेच, १९४३ साली, डेव्हिड फ्ली या निसर्गतज्ज्ञाच्या हाताखाली. आईबाप जॅक आणि जिल, पिल्लू कॉरी. दुसऱ्यांदा ते जमायला १९९० चं दशक संपत आलं. त्याच १९४३ साली, युद्ध पेटलेलं असताना, चर्चिलला जिवंत प्लॅटिपस हवा झाला. फ्लीनेच एक तरुण नर तयार केला, त्याला विन्स्टन हेच नाव मिळालं, आणि गुपचूप बोटीने रवाना केला. इंग्लंड काही दिवसांवर आलं असताना तो टाकीत मेला. पाणबुडीविरोधी स्फोटांच्या हादऱ्याने मेला असं पुष्कळ वर्षं सांगत. बोटीवरच्या नोंदी अलीकडे तपासल्या तेव्हा वेगळं दिसलं, विषुववृत्ताकडचं पाणी त्याला फार गरम झालं असावं.

"हे घ्या तुमचं उद्यान," वासुदेवराव म्हणाले. "राजाला हवं, पाठवा. नाव द्या, टाकी बांधा, गांडुळं मोजून द्या. मेला तर नवीन कारण शोधा."

"आणि हे घ्या तुमचंही," हे म्हणाले. "ज्या माणसाने पाठवला त्यानेच आधी त्याचं पिल्लू जगवून दाखवलं. काय खातो, किती खातो, हे त्याआधी कोणाला ठाऊक होतं? जंगलात जाऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं का प्लॅटिपसने?"

"शेजारच्या बॅजर क्रीकमध्ये रानटी प्लॅटिपस आहेत, ही बाईच म्हणाली. ते आपलं आपण जगून राहिले."

"जगतायत तोवर ठीक. २०२१ मध्ये या राज्याने त्यालाही धोक्याच्या यादीत घातला ना?"

दोघांचं बोलणं पिंजरा आणि जंगल यांच्यातच फिरत होतं, आणि मला दोन्हीमधली जमीन दिसत होती. वाटाडीने ते आपणहून सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं. ही जागा वुरुंजेरी लोकांची. १८६३ पासून इथे कोरंडर्क नावाची आदिवासींची वसाहत होती. त्यांनी शेती केली, हॉप्स पिकवलं, आणि हक्कासाठी अर्ज-विनंत्या करत विल्यम बॅराकसारखे त्यांचे पुढारी मेलबर्नपर्यंत चालत गेले. १८८१ साली सरकारी चौकशी बसली. १८८६ च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या माणसांना वसाहतीबाहेर काढलं, त्यात कामाचे हात गेले. १९२४ मध्ये वसाहत बंद झाली आणि राहिलेल्यांपैकी बहुतेकांना दूर लेक टायर्सला हलवलं. त्याआधी १९२० साली याच वसाहतीच्या जमिनीचा एक तुकडा डॉ. कॉलिन मॅकेंझी या शरीररचनाशास्त्रज्ञाला प्राण्यांच्या अभ्यासासाठी मिळाला होता. त्यातूनच १९३४ मध्ये हे उद्यान उभं राहिलं. म्हणजे स्थानिक प्राण्यांना जागा मिळत होती, त्याच सुमारास तिथल्याच स्थानिक माणसांची सुटत होती.

हे म्हणाले, "पण आता सांगतात तरी. काही जमीन वंशजांना परतही मिळाली म्हणे १९९० च्या दशकाच्या शेवटी."

वासुदेवराव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताडोब्यातून नवेगाव हललं, जामणी हललं. आमच्याकडे कागद चांगले होते. मोबदला, जमीन, घर. ग्रामसभेचे ठरावही. तरी सामान भरलेला ट्रॅक्टर निघताना कोणी माझ्याकडे बघितलं नाही."

"मग वाघ वाढले की नाही?"

"वाढले ना."

"मग?"

"मग काही नाही. मी काय, वाघ वाढले नाहीत म्हटलं का?"

इथे मला ह्यांच्या दंडाला चिमटा काढावासा वाटला. 'मग?' हा प्रश्न विम्याच्या ऑफिसात ठीक. ट्रॅक्टरमागे उभ्या राहिलेल्या माणसाला तो विचारू नये. वासुदेवरावांचा पिंजऱ्यावर एवढा राग का, ते मला तेव्हा जरासं कळलं. उद्यानातलं कुंपण समोर दिसतं. जंगलाचं कुंपण त्यांनी स्वतः आखलेलं होतं आणि ते दिसत नव्हतं.

डिंगोंच्या आवारापाशी आल्यावर हवा सैल झाली. डिंगो म्हणजे दिसायला आपलं गावठी कुत्रंच. तीन-चार हजार वर्षांपूर्वी माणसांबरोबर होडीतून आलेला, मग रानटी झालेला.

"हा मग इथला की बाहेरचा?" ह्यांनी विचारलं. "चार हजार वर्षांत पीआर मिळाला असेल ना?"

"या राज्यात तो धोक्याच्या यादीतही आहे, आणि काही भागांत मेंढ्यांच्या कुरणांजवळ त्याला मारायला परवानगीही आहे," वाटाडी म्हणाली. वासुदेवरावांनी फक्त मान हलवली. असले शासन निर्णय त्यांनी पुष्कळ राबवले असतील.

अर्धा तास ज्या काचेसमोर गेला, ती वन्यजीव रुग्णालयाची. २००५ साली हे केंद्र उघडलं. रस्त्यावर गाडीखाली आलेले, आगीत भाजलेले रानटी प्राणी इथे आणतात आणि डॉक्टर काम करताना लोकांना बाहेरून दिसतं. टेबलावर एक पोसम होता, भूल दिलेला. वासुदेवरावांनी काचेला नाक लावलं होतं. मला म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे हे सगळं जिल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टर चांगला होता बिचारा. पण बिबट्याला भूल किती द्यायची ते म्हशीच्या वजनावरून ठरवून राहिला होता." आणि पहिल्यांदा मोकळे हसले.

त्यापुढे तो पोपट. पोटावर नारिंगी ठिपका असलेला, हिरवा, मुठीत मावेल एवढा, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. हा फक्त टास्मानियाच्या नैर्ऋत्य टोकाला, मेलालूका या ठिकाणी वीण करतो आणि हिवाळ्यात बासची सामुद्रधुनी ओलांडून इकडच्या किनाऱ्यावर येतो. २०१६ मध्ये मेलालूकाला परत पोचलेले रानटी पक्षी होते फक्त १७. पाळलेल्या पक्ष्यांची पिल्लं सोडत राहिल्याने अलीकडे परतणाऱ्यांची संख्या सत्तरच्या पुढे गेली आहे. असे पक्षी काही केंद्रांत वाढवतात, त्यातलं हे एक. या राखीव साठ्याला तिकडे विम्याची प्रजा म्हणतात, असं वाटाडीने सांगितलं, आणि आमचे हे उजळले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा धंदा जंगलात कामाला आला होता.

"ऐकलंत? विमा! मी तेच सांगतोय सकाळपासून. जंगल जळालं, रोग आला, तर दावा करायला काहीतरी बाजूला पडलेलं असावं. टास्मानियन डेव्हिलचं तेच. १९९६ मध्ये त्याच्या तोंडावर तो सांसर्गिक कॅन्सर पहिल्यांदा दिसला, चावण्यातून पसरणारा. निरोगी बाजूला काढून ठेवले म्हणून आज धीर आहे. २००९ च्या फेब्रुवारीतल्या आगीत १७३ माणसं गेली, ती आग या गावापर्यंत आली, तेव्हा इथले दुर्मिळ प्राणी आधी मेलबर्नला हलवले. विमा म्हणजे हाच."

"मनोहरपंत, एक विचारतो. विमा काढला म्हणून कोणी घर जाळू दिलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांना वाटते, पोपट तर आहेतच सँक्च्युअरीत, मग किनाऱ्यावर इमारती बांधायला काय हरकत? तुमच्या धंद्यात असे लोक भेटले असतील ना. विमा उतरवला की बिनधास्त होणारे."

ह्यांना भेटले होते, खूप. म्हणूनच उत्तर चटकन आलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "भेटले. पण त्यांच्यामुळे मी कधी पॉलिसी विकायची थांबवली नाही. आणि तुमच्या माळढोकाचं काय? नान्नजला अभयारण्य केलं १९७९ मध्ये. पिंजरा नाही, टाकी नाही, नुसता मोकळा माळ. आज तिथे एखादा दिसला तर बातमी होते. देशातच दीडशेच्या आत उरलेत म्हणतात. शेवटी राजस्थानात अंडी उबवायच्या यंत्रात घालून वाढवायला घेतले ना २०१९ मध्ये? तेच चाळीस वर्षं आधी केलं असतं तर?"

"तर नान्नजला सोडले असते कुठे? माळावर ऊस, वर विजेच्या तारा. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही त्याला, तारेवर आदळतो. अंडी उबवाल हो. माळ कुठून उबवाल?"

दोघंही बरोबर होते. तरी मला वाटतं, जागा उद्यान आहे की जंगल, हा खरा प्रश्न नाही. आतला प्राणी बाहेर जातो का, आणि गेला तर त्याच्यासाठी बाहेर काही शिल्लक आहे का, एवढंच बघावं. माणिकडोहला जुन्नरच्या बिबट्यांचं केंद्र आहे, मी पाहिलं आहे. चांगलं ठेवतात, प्रेमाने ठेवतात. पण तिथले बरेचसे बिबटे जन्मभर तिथेच राहणार, कारण त्यांना सोडावं अशी जागा कोणी दाखवत नाही. आणि इथला तो इवला पोपट समुद्रावर सोडून देतात. वाटेत मरतात बरेच. तरी सोडतात.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा दोन्ही व्याही एकाच सुरात म्हणाले, "पण..." आणि पुढे दोघांचं वेगवेगळं झालं.

परतीच्या वाटेवर वासुदेवरावांनी वाटाडीला विचारलं, सोडतात ते नेमके कुठे? मेलालूकाला, हे कळलं होतं. पण ती म्हणाली, २०१७ पासून काही पक्षी हिवाळ्याआधी इकडच्या किनाऱ्यावरही सोडून बघितले, म्हणजे रानटी पक्षी त्यांच्याबरोबर येऊन मिसळतील. आणि त्यातली एक जागा वेरिबी. मेलबर्नच्या जवळजवळ निम्म्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते ती तिथली १८९७ पासूनची जुनी तळी. पक्ष्यांसाठी जगभर नावाजलेली.

"वेरिबी?" वासुदेवराव वळले. "म्हणजे आपल्या घराच्या इकडचं वेरिबी?"

"तुमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटं," ती म्हणाली. "आणि आता हिवाळाच आहे."

ह्यांना हसू आवरेना. दीड तास पूर्वेला गाडी दामटून पाहिलेला पोपट घरामागच्या गटाराच्या पाण्यावर हिवाळा काढत असेल, ही कल्पना त्यांना फार आवडली. वासुदेवरावांना मात्र वेगळीच घाई. तिकीट किती? तिकीट नाही. पण आवारात शिरायला परवाना लागतो, आधी अर्ज करावा लागतो, फाटकाची किल्ली घ्यावी लागते. पोपट दिसेलच का? नाही. बहुतेक दिसणार नाही, तिने स्पष्ट सांगितलं. त्या पसाऱ्यात असलेच तर मूठभर पक्षी.

"मग जाऊ," वासुदेवराव म्हणाले.

"दिसणार नाही म्हणते तरी?"

"म्हणूनच."

"आणि कंबरेचं काय?"

"तुम्ही गाडीत बसा. दुर्बीण मी लावतो. दिसला तर हाक मारतो."

घरी पोचल्यावर चहा गार होईपर्यंत दोघं सुनेच्या लॅपटॉपपुढे बसले होते. अर्ज ह्यांनीच भरला. फॉर्म भरण्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही. वासुदेवराव शेजारून एकेक रकाना वाचून दाखवत होते. भेटीचा उद्देश या रकान्यावर मात्र पुन्हा वाजलं. ह्यांचं म्हणणं 'पर्यटन' लिहू, वासुदेवरावांचं म्हणणं 'तपासणी'.